हबीब पेंटरनं लिहिलेली माणसं

माझ्या दारावरची पाटी बघून लोक हसतात. दूधवाला हसतो, गॅसची टाकी आणणारा हसतो. परवा मतदारयादी घेऊन एक मास्तरीणबाई आल्या, त्या पाटी वाचता वाचता एकदम रुमाल तोंडाशी धरून खोकायला लागल्या. पाटीवर काय आहे? 'द. रा. मुळे', बस्स. ना पदवी, ना हुद्दा, ना 'कुत्र्यापासून सावध'. एवढ्याशा नावात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. आणि कळणारही नाही, कारण ही पाटी हबीब पेंटरनं लिहिलेली आहे.

शहागंजात, घंटाघराच्या मागं, दोन दुकानांच्या मधल्या बोळीत एक टेबल आणि वर ताडपत्री, एवढाच हबीबचाचांचा कारखाना होता. सगळ्या बाजाराच्या पाट्या लिहिणाऱ्या ह्या माणसाच्या स्वतःच्या दुकानाला पाटी नव्हती. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मीच मला कसा बघू, मियाँ?" अंगात लांब कुडता. तो मुळात पांढरा होता असं ते शपथेवर सांगायचे, पण आम्ही पाहिला तेव्हा बाजारातल्या यच्चयावत दुकानांचे रंग त्यावर उतरलेले होते. कानामागं खारीच्या शेपटीचा ब्रश. चहा बशीत ओतून, आणि बशी संपली की पुन्हा तीच बशी पुढं. दोन गोष्टींचा त्यांना मनापासून राग होता. एक घाई, आणि दुसरं पेपरातलं छापील अक्षर. "हे काय अक्षर आहे? पोलीस परेड आहे नुसती. सगळे एका मापाचे, सगळे समोर बघणारे. एक तरी खाजवतोय का?"

चाचांचं अक्षर खाजवायचं, जांभई द्यायचं, झोके घ्यायचं. डोक्यावरची रेघ ते ताठ मारायचेच नाहीत. वाळत घालायच्या दोरीला असतो तसा तिला मधे जरासा झोळ, आणि खाली अक्षरं आपापल्या स्वभावानं लटकलेली. बाजार त्याला 'नाचरं अक्षर' म्हणायचा. आणि लिहायची तऱ्हा तर त्याहून न्यारी. चाचांचे वालिद, म्हणजे वडील, कातिब होते. उर्दूत पाट्या लिहायच्या, लग्नाचे रुक्के लिहायचे. निजामाच्या अमदानीत अर्ध्या बाजाराच्या कपाळावर त्यांच्याच हातचं अक्षर होतं. पोलीस ॲक्शन झाली, पुढं एकेक पाटी मराठीत व्हायला लागली, आणि थोरल्या मियाँनी पन्नाशीत 'ग म भ न' गिरवायला घेतलं. अक्षर मराठी झालं, पण हाताची उजवीकडून डावीकडं जायची सवय काही सुटली नाही. तीच चाचांनी उचलली. शेवटचं अक्षर आधी, पहिलं अक्षर सगळ्यात शेवटी, आणि वरची रेघ एका दमात सगळ्यांच्या शेवटी. चाचा शिडीवर चढले की खाली दहा-पंधरा रिकामटेकडे जमायचे आणि शेपटावरून नाव ओळखायच्या पैजा लागायच्या. मी स्वतः दोनदा हरलोय.

पण खरी गंमत त्याच्या आधीच व्हायची. पाटी लिहून हवी असेल तर चाचा आधी त्या दुकानात एक अख्खा दिवस येऊन बसायचे. सकाळी शटर उघडल्यापासून संध्याकाळी दिवाबत्ती होईपर्यंत, कोपऱ्यात स्टुलावर. बोलायचं नाही, विचारायचं नाही. नुसतं मालकाकडं बघायचं आणि चहा प्यायचा. "आदमी देखे बगैर अक्षर कैसा निकलेगा?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग आठ दिवसांनी पाटी यायची, आणि त्या पाटीवर दुकानाचं नाव नसायचं, मालक असायचा.

गिरधारीशेठांचं 'गिरधारी मिठाई भांडार' घ्या. शेठ म्हणजे वजनदार आसामी, दोन्ही अर्थांनी. चाचांनी एक दिवस त्यांच्या जिलेबीच्या कढईशेजारी काढला. पाटी आली तर त्यातलं एकेक अक्षर पोट पुढं काढून, मांड्या फाकवून बसलेलं. 'ठ' तर असा गोल की त्याच्या मधोमध बेंबी काढायचं तेवढं राहिलं होतं. आणि पहिल्याच वेलांटीचं टोक हळूच खाली येऊन शेजारच्या अक्षरावर असं टेकलेलं, जसं शेठचं बोट तराजूच्या पारड्यावर टेकायचं. अख्खी गल्ली पोट धरून हसली. बाया मुद्दाम त्या वेलांटीखाली उभ्या राहून पेढे तोलून घ्यायच्या आणि एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. शेठ? शेठनी पाटीला हार घातला, उदबत्ती ओवाळली, आणि जो येईल त्याला सांगत सुटले, "काय सुबक लिहिलीय! भरीव अक्षर आहे, भरीव!"

हे असंच व्हायचं. सगळ्या जगाला दिसायचं, फक्त मालकाला दिसायचं नाही. बाबा टेलरच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही पॅण्टचा एक पाय बोटभर आखूड असायचा, हे शहरात लहान पोरालाही ठाऊक. चाचांनी त्याच्या पाटीतल्या प्रत्येक कान्याचा पाय तोकडा ठेवला. बाबा दहा वर्षं त्या पाटीखाली बसून मापं घेत होता, पण त्याच्या नजरेस काही पडलं नाही. मी एकदा चाचांना विचारलं, "एखाद्या दिवशी कळलं म्हणजे? मार खाल की!" चाचा म्हणाले, "नाय कळत, मुन्शीजी. आरसा रोज बघतो माणूस, पण त्याला काय कळतं का?"

मुन्शीजी म्हणजे मी. मी त्या वेळी बाजारपेठ सुशोभन समितीचा पगारी चिटणीस होतो. व्यापाऱ्यांनी काढलेली समिती. बाजार सुशोभित करणं हा तिचा उद्देश आणि महिन्यातून एकदा बैठक घेऊन भजी खाणं हे तिचं कार्य. मी इतिवृत्त लिहायचो. मला दुकान नव्हतं, त्यामुळं पाटीही नव्हती. राहायला हर्सूलला. हर्सूलला राहतो म्हटलं की लोक आधी विचारतात, "जेलच्या आत की बाहेर?" तर मला लई हौस, की आपल्याही दारावर चाचांच्या हातची पाटी असावी. दरवर्षी दिवाळीत आठवण करायचो. चाचा मला एकवार खालून वर बघायचे आणि म्हणायचे, "बसू की एक दिवस. अजून तुम्ही दिसत नाय मला नीट."

समितीनं एकदा भिंतीवर 'येथे थुंकू नये' लिहायचं काम त्यांना दिलं. चाचा म्हणाले, माणूस कुठाय? माणूस नाही, भिंत आहे, म्हटलं. मग ते दिवसभर त्या भिंतीसमोर बसले आणि थुंकणाऱ्यांना बघत राहिले. सूचना लिहून झाली तर प्रत्येक अक्षराच्या गालात विडा! लोक लांबून ती बघायला यायचे, खुश व्हायचे, आणि तिथंच पिंक टाकून जायचे. समितीनं ठराव करून ती भिंत पुन्हा रंगवली.

समितीचे अध्यक्ष आबाराव जगताप. ह्यांच्या वाढदिवसाचा कापडी फलक चाचांनीच लिहिला होता. डाव्या बाजूला वरच्या साहेबांचं नाव, उजवीकडं आबारावांचं. आबारावांचं एकेक अक्षर कमरेतून असं वाकलेलं, की साहेबांच्या नावाच्या पायाशी पोचायला चारच बोटं कमी. आबाराव खूश. "अक्षरात नम्रता उतरली पाहिजे, ती हबीबनं उतरवली," असं त्यांनी भाषणात सांगितलं. दोन वर्षांनी साहेब निवडणुकीत पडले. दुसरे साहेब आले, आणि मांडवाच्या अडचणीमुळं त्यांचं नाव फलकाच्या उजव्या टोकाला लिहायची वेळ आली. आबाराव स्वतः बोळीत आले.

"चाचा, तेवढी आमची अक्षरं ह्या बाजूला वाकवा की."

"मी नाय वाकवत, मालक," चाचा बशी फुंकत म्हणाले. "मी बसलो तवा तुम्ही ज्या बाजूला होता, तसं लिहिलं. अब आप खुद मुड जाव, तो अक्षर भी मुड जाएगा."

आबारावांना हे कौतुक वाटलं. ते हसत हसत गेले.

पण चाचा नुसते टवाळ होते असं कोणी समजू नये. गल्लीच्या तोंडाला सुगंधाबाईंची खानावळ होती. नवरा-बायको मिळून चालवायचे. नवरा दाराच्या डाव्या अंगाला एका स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "या, गरम भाकर हाय" म्हणायचा. तो हृदयविकारानं अचानक गेला. वर्षभरानं बाईंनी पुन्हा खानावळ उघडली आणि चाचांना पाटी सांगितली. चाचा दिवसभर बसले. दुपारी गर्दी झाली, माणसं ताट हातात घेऊन उभ्यानं जेवली, पण दारातलं ते स्टूल बाईंनी कोणाला दिलं नाही. कोणी हात लावला की म्हणायच्या, "ते ऱ्हाऊ द्या. तिथं नका."

पाटी आली. 'सुगंधा खानावळ' ही सगळी अक्षरं उजवीकडं एकमेकांना धरून बसलेली, आणि डावीकडं हातभर जागा मोकळी. पण वरची रेघ मात्र थांबलेली नव्हती. ती त्या मोकळ्या जागेवरून पार कडेपर्यंत गेलेली. रिकामटेकडे म्हणाले, उजवीकडून लिहिताना चाचांचा अंदाज चुकला. बाईसुद्धा म्हणाल्या, "चाचा, इकडं रिकामं का हो ठेवलं?" चाचा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बहन. तिथं नका." त्या पाटीला मात्र कोणी हसलं नाही. मी तिच्याखालून जाताना मान खाली घालून जायचो, का ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

मग फ्लेक्स आला. चिकलठाण्याच्या एका शेडमधे यंत्र बसलं आणि सकाळी सांगितलेली पाटी दुपारी मिळायला लागली, मालकाच्या फोटोसकट. दिवसभर कोपऱ्यात बसून चहा पिणारा पेंटर कोणाला परवडणार? वर्षभरात चाचांच्या टेबलावर धूळ बसली. ते यायचे, ब्रश धुवायचे, वाळवायचे आणि जायचे. मला ते बघवेना. आता मी जे सांगतोय ते नीट ऐका, कारण मी वाईट हेतूनं काही केलेलं नाही.

ज्योतीनगरात पराग नावाचा एक तरुण होता, कॉम्प्युटरवर अक्षरं तयार करणारा. त्यानं मला सांगितलं, की हाताचं अक्षर यंत्रात घालता येतं. एकदा घातलं की कोणीही, कुठंही, काहीही त्या अक्षरात छापावं. मी हरखलो. चाचांचं अक्षर अमर होणार, आणि ते घडवणारा कोण, तर मी! बैठकीत विषय मांडला. आबाराव म्हणाले, "शहराचं अक्षर! वा! उद्घाटनाला साहेबांना बोलवू." भजी आली. विषय तत्त्वतः मंजूर झाला.

मी चाचांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत चमक दिसली.

"देतो की. पूरी बाराखडी देतो, 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत. पण एका माणसाची. एक आदमी द्या मला, मी महिनाभर त्याच्यासमोर बसतो. मग सगळी अक्षरं त्याची. एकाच घरातली. जुन्या पाट्यांवरून उचलून पचमेळ नक्को. ह्याचं मुंडकं त्याच्या धडावर लावलं तर तो माणूस चालंल का, मुन्शीजी?"

"नाही चालायचा," मी म्हणालो.

"जबान?"

"जबान."

दुसऱ्या बैठकीत मी चाचांची अट सांगितली आणि विचारलं, "तर माणूस कोण घ्यायचा?" बस्स! तिथंच आग लागली. आबाराव म्हणाले, अध्यक्ष ह्या नात्यानं बाराखडी माझीच होणार. गिरधारीशेठ म्हणाले, देणगी कोणाची जास्त ते आधी बघा. बाबा टेलर म्हणाला, मापात बसणारा माणूस घ्या. कोणी म्हणे आमच्या समाजाचा, कोणी म्हणे मग आमच्याही. शहराचं अक्षर म्हणजे पुढं शाळा-कचेऱ्यांवर आपणच, हे ज्याच्या त्याच्या ध्यानात आलेलं. दोन बैठका भांडणात गेल्या, एकदा भज्यांची परात पालथी झाली. शेवटी कोणावर अन्याय नको म्हणून तोडगा निघाला. प्रत्येक सभासदाच्या पाटीवरून एकेक, दोन-दोन अक्षरं उचलायची. परागनं फोटो काढून ती जुळवायची. हबीबचाचांना महिनाभर तसदी देण्याचं कारण नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी इतिवृत्तात लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.'

यादी मीच केली. 'ज' आबारावांच्या फलकावरचा, 'ठ' शेठचा, 'ब' आणि 'र' बाबा टेलरचे. 'स' कुठल्याच सभासदाच्या पाटीवर धड मिळेना. तेव्हा मीच सुचवलं, "सुगंधाबाईंचा 'स' चांगला आहे." मला वाटलं, काय हुशार आहे मी! चाचांना मी ह्यातलं काही बोललो नाही. का नाही बोललो? भीती वाटली. ते नाही म्हणतील, काम अडेल, आबाराव म्हणतील चिटणिसाला एक काम धड होत नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता अक्षर तयार झालं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा ठराव आला, त्याच्याही खाली माझीच सही आहे. बाजार सुशोभित दिसावा म्हणून सर्व दुकानांवर ह्याच नव्या अक्षरात, एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या पाट्या लागतील. जुन्या पाट्या पंधरा दिवसांत उतरवाव्यात.

म्हणजे हबीब पेंटरच्या सन्मानासाठी हबीब पेंटरच्या सगळ्या पाट्या उतरणार होत्या. हे मला लिहिताना दिसलं नाही, असं मी म्हणणार नाही. दिसलं. पण खाली सही करायची जागा होती आणि पेन हातात होतं.

समारंभ घंटाघराजवळ झाला. चाचा धुतलेला कुडता घालून आले. धुतला तरी त्यावर अख्खा बाजार होताच. शाल झाली, श्रीफळ झालं. साहेबांनी दोरी ओढली, पडदा सरकला आणि वीस फुटी फलक उघडा पडला, 'बाजारपेठ सुशोभन समिती'. आबारावांनी माईक चाचांच्या हातात दिला. "दोन शब्द बोला."

चाचा फलकाकडं बघत राहिले. जन्मभर उजवीकडून लिहिणाऱ्या माणसानं त्या दिवशी डावीकडून सुरुवात केली, बोट लावून.

"हा 'बा'. बाबा टेलर. एक पाय छोटा." लोक हसले. "हा 'जा'. आबाराव. अजून वाकलेले, पण समोर साहेबच नाय." हशा पिकला. आबारावांना वाटलं बाबा टेलरवरचाच हशा चाललाय, ते डोळे पुसून पुसून हसत होते. "हा 'ठ', गिरधारीशेठचं पोट. बाबाच्या लंगड्या 'र'च्या पंगतीत बसवलंय." शेठ आबारावांच्या मांडीवर थाप मारून हसले, बाबा शेठकडं बोट दाखवून हसला. टाळ्यांचा कडकडाट. लोकांना वाटलं, म्हातारा काय विनोदी बोलतो!

मग चाचांचं बोट 'सु'पाशी आलं आणि थांबलं.

"हा सुगंधाबहनचा 'स' आहे," ते हळू म्हणाले. "ह्याच्या डाव्या हाताला जागा होती. ती जागा कुठं गेली?"

पराग बिचारा पटकन पुढं झाला. "चाचा, दोन अक्षरांतलं अंतर आता आपोआप धरलं जातं. मोकळी जागा राहतच नाही."

"राहतच नाय?"

"नाही, चाचा. तशी सोयच केलीय."

चाचांनी माईक खाली ठेवला. मग त्यांनी गर्दीत मला शोधलं, आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, हेच तर वाईट. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून दुकानदाराकडं बघायचे ना, तसं बघितलं. मी टाळ्या वाजवत होतो. बाकीच्यांच्या थांबल्या तरी माझे हात वाजतच होते.

पंधरा दिवसांत जुन्या पाट्या उतरल्या. गिरधारीशेठनी आपल्या पाटीला शेवटचा हार घातला आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवली. बाबा टेलरनं पाटीचा पत्रा कोळशाच्या इस्त्रीखाली ठेवायला घेतला. सुगंधाबाईंकडं नोटीस घेऊन मला जावं लागलं. नोटीस अर्थात नव्या अक्षरातच छापलेली. बाईंनी ती वाचली.

"खाली तुमचीच सही हाय ना?"

"व्हय, पण ठराव समितीचा..."

"आणि ह्यो 'स'? ह्यो माझ्या दारावरनं नेलाय का?"

मी पोचवही पुढं केली. बाईंनी गड्याला शिडी लावायला दिली नाही. स्वतः स्टूल ओढलं, ज्या स्टुलाला वर्षानुवर्षं कोणी हात लावला नव्हता तेच, त्यावर चढल्या आणि पाटी उतरवली. पदरानं पुसली. आत नेऊन चुलीसमोरच्या भिंतीला टेकवली आणि भाकरी थापायला बसल्या. बाहेर नवी पाटी लागली. तीत मोकळी जागा नव्हती. पुढं गिऱ्हाइकं सर्रास त्या स्टुलावर बसायला लागली, बाईंनी कोणाला अडवलं नाही. मला आजही त्या गल्लीतून जाताना लाज वाटते.

महिन्याभरानं एका सकाळी चाचा हर्सूलला माझ्या घरी हजर. जुनी सायकल भिंतीला लावली, ओसरीवरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आज बसतो, मुन्शीजी. चहा सांगा."

वीस वर्षं ज्याची वाट बघितली तो दिवस असा आला! काय करावं कळेना. पेपर वाचल्यासारखं केलं, झाडांना पाणी घातलं, आमच्या हिच्याशी कधी नव्हे ते गोड बोललो, शेजाऱ्याला हाक मारून विचारपूस केली. दर दहा मिनिटांनी वळून बघायचो, चाचा बशी तोंडाला लावून बघताहेत. दुपारी राहवलं नाही. म्हणालो, "चाचा, त्या बैठकीत माझा इलाज नव्हता. मी सांगणारच होतो तुम्हाला. मी जबान दिली होती हे मला..." चाचांनी हात वर केला. "बोलू नका. बोललं की माणूस हलतो." संध्याकाळपर्यंत मी न बोलता माणूस असल्यासारखा वावरलो. इतका थकवा मला आयुष्यात कधी आला नाही.

दहा दिवसांनी ते पाटी घेऊन आले. खिळे स्वतः ठोकले. चार पावलं मागं गेले, मान तिरकी केली, परत येऊन एक कोपरा जरासा वर उचलला. मी विचारलं, "चाचा, काय दिसलं तुम्हाला?" ते नुसते हसले, कानामागचा ब्रश काढून माझ्या हातात दिला. "ठेवा. मला आता काम नाय त्याचं." सायकलवर टांग टाकली आणि जेलच्या भिंतीकडेनं, झाडांच्या सावलीतून, घाई न करता गेले. वळणावर एकदा हात वर केलेला दिसला. पाठीवर कुडत्याला गिरधारीशेठच्या पाटीचा केशरी डाग होता. त्यानंतर ते जालन्याला मुलीकडं राहायला गेले आणि दोन वर्षांनी तिकडंच वारले. खबर मला आठ दिवस उशिरा कळली. समितीनं चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला, नव्या अक्षरात. हबीबचा 'ह' कोणाच्या पाटीवरून घेतला होता ते यादी मी केलेली असूनही मला आठवेना.

पाटी लागली त्या दिवशी आमची ही बाहेर आली, बघितलं आणि पदर तोंडात कोंबून आत पळाली. "अगं काय आहे ते सांग तरी!" मी मागं गेलो. "अहो, तुम्हाला नाय दिसायचं," म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली. अजूनही सांगत नाही. शेजाऱ्यांना विचारलं, ते म्हणतात, "छान आहे की पाटी, अगदी तुमची आहे." पराग एकदा येऊन गेला. पाटीसमोर उभा राहिला, गालात हसला, मोबाइल काढला, आणि फोटो न काढताच तो खिशात ठेवला.

न हसणारं माणूस एकच. गेल्या वर्षी सुगंधाबाई आमच्याकडं आल्या होत्या, नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. पत्रिका द्यायचं राहिलं, त्या दारातच पाटीसमोर उभ्या. मी बाहेर आलो. विचारलं, "बाई, तुम्ही तरी सांगा. त्यांनी मला काय लिहिलंय? रागानं लिहिलंय का?" बाईंनी बोट लावून एकेक अक्षर चाचपलं. 'मु'पाशी बोट जरा थांबलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "राग कुठला हो! एवढं बघून बी त्या माणसानं तुम्हाला जागा दिलीय." आणि पत्रिका माझ्या हातात ठेवून चालू लागल्या.

कुठं जागा दिलीय? डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, फूटपट्टी लावूनसुद्धा बघितलं. मी रोज सकाळी दूध घ्यायला बाहेर येतो, चष्मा पुसतो आणि पाटीसमोर उभा राहतो. दूधवाला हसतो. मी वाचतो, द. रा. मुळे. चार साधी अक्षरं आहेत. सुबक आहेत.